मगी म्हणजे किती अंश?

अकोल्यात जन्म गेलेल्या माणसाला उन्हाचं कौतुक नसतं. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जायचा, दुपारी बाजारपेठ ओस पडायची, आम्ही डोक्याला दुपट्टा गुंडाळून शाळेच्या पेपर तपासणीला जायचो आणि परत येऊन कूलरसमोर बसलो की अर्ध्या तासात माणसात यायचो. निवृत्तीनंतर मुलाकडे डोंबिवलीला राहायला आले, तेव्हा ३३ अंशांचा उन्हाळा म्हणजे आराम, असंच मनात होतं. पण पहिल्याच मे महिन्यात मी पार गळून गेले. अंघोळ करून पुसलेलं अंग पुसलेलं राहीना. पाठीला चिकटलेलं ब्लाउज संध्याकाळपर्यंत सुटत नव्हतं. मोबाइलवर हवामान पाहिलं तर आकडा ३३, आणि त्याखाली इंग्रजीत एकच शब्द: मगी. मी मराठीची शिक्षिका. इंग्रजी पेपर वाचण्याइतकं येतं, पण हा शब्द कधी वाटेत आलेला नव्हता.

शब्दकोशात अर्थ मिळाला: उबदार, दमट आणि जीव गुदमरवणारी हवा. तेवढ्यावर काही भागेना, म्हणून न्यू जर्सीत राहणाऱ्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, आमच्याकडे जुलैत हा शब्द रोज कानावर पडतो. तिच्याकडे तेव्हा किती अंश असतात? साधारण २९. मला हे काही पटेना. मग मी वापर विचारला. "मी आज फार मगी आहे" असं म्हणायचं का? ती म्हणाली, "नाही गं आई, माणूस मगी नसतो. हवा मगी असते, दिवस मगी असतो, संध्याकाळ मगी असते. आपण फक्त चिकट होतो." विशेषण माझ्या त्रासाचं होतं, पण लागत होतं हवेला.

शब्दाचं मूळही तिनेच शोधून सांगितलं. जुन्या नॉर्स भाषेत 'मुग्गा' म्हणजे रिमझिम, धुक्यासारखा पाऊस. तिथून तो ब्रिटनमध्ये आला आणि १८ व्या शतकापासून इंग्रजीत या अर्थाने रुळला. म्हणजे शब्द थंड आणि ओल्या प्रदेशातला. इंग्लंडमध्ये २४ अंशांना, आभाळ भरलेलं आणि वारा पडलेला असला की लोक दिवसाला मगी म्हणतात. इंग्रजीत ह्यूमिड हाही शब्द आहे, पण तो नुसती ओल सांगतो. जुलैत महाबळेश्वरला ढग घरात शिरतात, हवा शंभर टक्के ओली असते, तरी आपण शाल पांघरून बसतो. ती हवा ह्यूमिड खरी, मगी नव्हे. मगीला ओल हवी, ऊब हवी, आणि वारा पडलेला असला तर जास्तच. आमच्या वऱ्हाडात पावसाआधीच्या अशा हवेला उमस म्हणतात. ती दोन-चार दिवसांची पाहुणी असते. इथे ती मार्चअखेरीस येते आणि पाऊस पडेपर्यंत मुक्काम ठोकते.

सामानाबरोबर आम्ही अकोल्याचा कूलरही आणला होता. चांगला मोठा, लोखंडी, नव्या ताट्या बसवलेला. शेजारच्या काकू बघायला आल्या आणि म्हणाल्या, "अहो, इथे कूलर नाही चालत. आणखी चिकचिक होईल." मी मनात म्हटलं, यंत्र तेच, पाणी तेच, पंखा तोच, गावाप्रमाणे ते कसं बदलेल? दोन रात्री तो लावून झोपलो. उशांचे अभ्रे दमट झाले, मिठाच्या बरणीत पाणी सुटलं, डब्यातले पापड मऊ पडले, आणि अंगावरचा घाम होता तिथेच राहिला. काकूंचं म्हणणं शब्दन् शब्द खरं ठरलं. पण असं का, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं आणि मलाही.

मग मी आर्द्रतेच्या टक्क्यांकडे लक्ष द्यायला लागले, आणि गोंधळ वाढला. पहाटे मोबाइल दाखवायचा २७ अंश, आर्द्रता ८८ टक्के. त्या वेळी गॅलरीत बरं वाटायचं. दुपारी ३३ अंश, आर्द्रता ६४ टक्के, आणि नको जीव व्हायचा. ओल कमी झाली तर त्रासही कमी व्हायला हवा ना? सोसायटीतल्या एका कॉलेजच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "आजी, ती सापेक्ष आर्द्रता आहे." भूगोलाच्या पुस्तकात हा शब्द वर्षानुवर्षं माझ्या डोळ्यांसमोरून गेलेला. त्याने कागदावर मांडून दाखवलं. हवेचा एक घनमीटर घेतला तर २७ अंशांना त्यात जास्तीत जास्त सुमारे २६ ग्रॅम वाफ मावते, ३३ अंशांना सुमारे ३६ ग्रॅम. २६ चे ८८ टक्के म्हणजे जवळजवळ २३ ग्रॅम. ३६ चे ६४ टक्के म्हणजेही २३ ग्रॅम! सकाळपासून दुपारपर्यंत हवेतलं पाणी तेवढंच होतं. हवा तापली म्हणून तिची सामावून घ्यायची ताकद वाढली आणि टक्का घसरला. ज्या आकड्यावर मी भिस्त ठेवली होती, तो पाण्याचा आकडाच नव्हता.

त्या मुलानेच सांगितलं की हवेचा खरा कस पाहायचा तर दोन तापमापक लागतात, एक कोरडा आणि एक ओला. भारतीय हवामान खात्याच्या वेधशाळांतही हीच जोडी पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत टांगलेली असते. त्या पेटीला स्टीव्हन्सनची पेटी म्हणतात. ती बनवणारे थॉमस स्टीव्हन्सन स्कॉटलंडचे, दीपगृहं बांधणारे अभियंते, आणि 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे वडील. हे कळल्यावर मला त्या पेटीबद्दल उगाच आपलेपणा वाटला. झडपा कशासाठी, तर वारा आत यावा पण ऊन थेट पडू नये. तापमापकावर ऊन पडलं तर तो हवेचं तापमान सांगत नाही, स्वतःचं सांगतो. म्हणजे "आमच्या गच्चीवर पन्नास दाखवलं" असं जे आम्ही अकोल्यात अभिमानाने सांगायचो, त्याला काही अर्थ नव्हता.

प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून दोन काचेचे तापमापक आणले, लाल द्रवाचे, एकेका अंशाच्या खुणा असलेले. घरी येऊन शेजारी शेजारी टांगले, तर एक ३२ दाखवी आणि दुसरा ३३. खोली एक, वेळ एक. दुकानात परत न्यायला निघाले होते, पण त्या मुलाने थांबवलं. स्वस्त तापमापकांत एवढा फरक असतोच. किती आहे ते आधी लिहून ठेवायचं आणि दर वेळी तेवढं वजा करायचं. मोजण्याआधी मोजायचं साधन मोजावं लागतं, हे मला नवीन होतं.

मग ओल्या तापमापकाची तयारी. त्याच्या खालच्या फुग्याला पातळ सुती कापड गुंडाळायचं आणि कापडाचं शेपूट खाली पाण्याच्या बाटलीत सोडायचं, म्हणजे पाणी आपोआप वर चढत राहतं. मी नव्या मलमलीचा तुकडा घेतला, दोऱ्याने नीट बांधला, शेपूट औषधाच्या रिकाम्या बाटलीत सोडलं. तासाभराने पाहिलं तर पाणी बोटभर चढून थांबलेलं आणि वरचं कापड कोरडं. नव्या कापडाला खळ असते, ती पाणी चढू देत नाही. ह्यांच्या जुन्या पंचाचा, शेकडो धुण्यांनी मऊ झालेला तुकडा लावला आणि पाणी सरसर वर गेलं. पाणीही नळाचं नको, डिस्टिल्ड हवं. नळाच्या पाण्यातले क्षार सुकून कापड कडक होतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी घरात होतं, तेच वापरलं.

एवढं करूनही ओला तापमापक जेमतेम तीन अंश खाली आला. कारण गॅलरीत वारा नव्हता. ओल्या कापडाभोवतीची हवा वाफेने भरून तिथेच थांबली की वाळणं मंदावतं. वेधशाळेत हातात धरून गरागरा फिरवायचा तापमापकही असतो तो याचसाठी. मी टेबलफॅन आणून लावला, डोळे लाल द्रवाच्या पातळीला आणले, श्वास काचेवर जाणार नाही असं तोंड बाजूला ठेवलं, आणि लाल रेषा उतरताना पाहिली. २९, २८, मग २७ आणि अर्ध्यावर येऊन थांबली. कोरडा ३३, ओला साडेसत्तावीस. फरक साडेपाच अंश. सोबत मिळालेल्या तक्त्यात बोट फिरवलं तर आर्द्रता निघाली ६५ टक्के. मोबाइल ६४ म्हणत होता. पंचाच्या चिंधीने उपग्रहाच्या युगाशी जमवून घेतलं, याचा मला फार आनंद झाला.

आता अकोल्याचा आकडा हवा होता. धाकट्या भावाला सगळी कृती फोनवर सांगितली, खळीसकट. त्याने भर दुपारी सावलीत मोजून कळवलं: कोरडा ४४, ओला २३. मी पुन्हा विचारलं, "तेवीस?" तो म्हणाला, "हो ताई, तेवीसच." फरक तब्बल २१ अंश! अकोल्याचा ओला तापमापक डोंबिवलीच्या ओल्यापेक्षा साडेचार अंशांनी थंड होता. तक्त्याप्रमाणे तिथे आर्द्रता पंधरा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे घनमीटरभर हवेत जेमतेम ९ ग्रॅम पाणी. इथे २३ ग्रॅम.

कूलरचं कोडं इथे सुटलं. कूलर ताटीवरच्या पाण्याची वाफ करून हवा थंड करतो, म्हणून तो फार तर ओल्या तापमापकाच्या आकड्यापर्यंत जाऊ शकतो, त्याखाली नाही. अकोल्यात त्याला ४४ पासून २३ पर्यंत उतरायला मोकळी जागा होती. डोंबिवलीत ३३ पासून साडेसत्तावीसपर्यंतच, आणि तेवढं उतरताना तो खोलीत आणखी वाफ भरत होता. माठाचंही तेच. अकोल्यात माठातलं पाणी दाताला लागायचं, इथे ते जेमतेम कोमट नाही इतकंच.

आणि अंगाचंही तेच. माझी सगळी समजूत बदलली ती या जागी. घाम आला म्हणजे शरीर थंड झालं, असं मी समजत होते. घाम येऊन काही होत नाही, तो वाळावा लागतो. एक लिटर घाम त्वचेवरच पूर्ण वाळला तर शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम थेंबाथेंबाने ओघळून खाली पडला तर जवळजवळ काहीच नेत नाही. अकोल्यात मला घाम येतच नाही असं वाटायचं; तो यायचा, पण दिसण्याआधी उडून जायचा. म्हणूनच तिथे अंग कोरडं आणि कपाळावर मिठाची पांढरी रेघ. इथे तो दिसतो, कारण तो कामाचा राहिलेला नाही. जुलैत दोरीवरचे कपडे दोन दिवस वाळत नाहीत ना, त्या कपड्यांसारखी आपली गत होते. पंखा लावल्यावर बरं वाटतं, पण पंखा हवा थंड करत नाही. तो अंगालगतची वाफेने भरलेली हवा ढकलून देतो. म्हणून वीज गेली की डोंबिवलीत पाच मिनिटांत जीव कासावीस होतो.

मुलीच्या न्यू जर्सीचा हिशोब उरला होता. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा मगीपणासाठी दवबिंदू पाहते. हवा थंड करत गेलं तर ज्या अंशाला तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं, तो दवबिंदू. त्यांच्या मोजपट्टीत दवबिंदू ५५ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे आपल्या १३ अंशांपर्यंत, हवा सुखाची. तिथून ६५ फॅरनहाइटपर्यंत चिकट, मगी संध्याकाळी. ६५ च्या वर, म्हणजे सुमारे १८ अंशांच्या वर, जाचक. मी स्वयंपाकघरात करून पाहिलं. स्टीलच्या पेल्यात साधं पाणी घेतलं, बर्फाचा एकेक तुकडा टाकून तापमापकाने ढवळत राहिले आणि पेल्याच्या बाहेरच्या अंगावर नजर ठेवली. काच चालत नाही, चकचकीत स्टीलच हवं, म्हणजे पहिली धुरकट झाक लगेच दिसते. बोटाने रेघ ओढली तर उमटते का, ते पाहायचं. रेघ उमटली तेव्हा पाणी २५ अंशांच्या किंचित वर होतं. त्यांची मोजपट्टी १८ ला जाचक म्हणून थांबते आणि आम्ही त्याच्याही सात अंश वर पोळ्या लाटतो. मुलीच्या २९ अंशांच्या तक्रारीकडे मात्र मी आता निराळ्या नजरेने पाहते. तिच्याकडे जुलैत दवबिंदू २० च्या घरात जातो. अकोल्यात भावाकडे ४४ अंशांच्या दुपारी तो बाराच्याही खाली होता. तिची हवा माझ्या माहेरच्या हवेपेक्षा खरंच जास्त मगी आहे.

हे सगळं केवळ चिकचिकीपुरतं असतं तर मी इतकी मागे लागले नसते. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. उन्हात तासन् तास बसलेल्यांपैकी १४ जण उष्माघाताने गेले. त्या दिवशी त्या भागात ३८ च्या आसपास तापमान होतं. तेव्हा मी अकोल्यात होते, आणि आमच्याकडे सगळे हेच विचारत होते, की अडतिसात माणसं कशी जातील? उत्तर आता कळतं, आणि ते आधी कळायला हवं होतं असं वाटतं. हवामान खातं सपाट प्रदेशात पारा ४० पर्यंत चढल्याशिवाय उष्णतेची लाट धरत नाही, पण किनाऱ्यावर ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचारची वाढ एवढ्यावरच धरतं. हा फरक कुणाच्या नाजूकपणाचा नाही, वाळू न शकणाऱ्या घामाचा आहे. २०१० मध्ये शेरवूड आणि ह्युबर या शास्त्रज्ञांनी मांडलं की ओला तापमापक ३५ वर गेला तर धडधाकट माणूसही सावलीत, पंख्याखाली, काही तासांहून अधिक तगणार नाही, कारण आपली त्वचाच ३५ च्या आसपास असते आणि उष्णता जायला वाटच उरत नाही. २०२२ मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाने तरुण, निरोगी माणसांवर प्रयोग केले, तेव्हा दमट हवेत शरीराचं तापमान चढतच राहण्याची मर्यादा ३१ च्या जवळच आढळली. म्हाताऱ्यांची त्याहून खालीच असणार.

तो ३१ चा आकडा वाचल्यावर मी तापमापकांची जोडी उचलून स्वयंपाकघरात नेली. दुपारचे साडेअकरा. कुकरच्या शिट्ट्या झालेल्या, एका शेगडीवर आमटी, दुसरीवर तवा. सून पोळ्या करत होती. छताचा पंखा बंद, कारण लावला तर ज्योत हलते आणि पोळी फुगत नाही. मी पुठ्ठ्याने वारा घालत रेष स्थिर होईपर्यंत थांबले. कोरडा ३५. ओला साडेतीस. सुनेला दाखवलं. ती पदराने गळा पुसत म्हणाली, "आई, मला वाटायचं मलाच उन्हाळा सोसत नाही." तासाभराचं काम आहे, तासन् तासांचं नाही, हे खरं. पण मुंबईत आणि किनाऱ्यावर रोज दुपारी किती बायका या आकड्यात उभ्या राहतात आणि घरातल्या कुणालाही त्याची खबर नसते! मोबाइल ३३ दाखवत असतो. तो बाहेरचा आकडा. फार तर 'फील्स लाइक' म्हणून ४१ दाखवतो, आणि तोही सावलीतल्या, वाऱ्याची झुळूक असलेल्या जागेचा. शेगडीसमोरचा आकडा कुठेच छापून येत नाही.

आम्ही खिडकीच्या वरच्या तावदानात एक्झॉस्ट फॅन बसवून घेतला आणि समोरचं दार उघडं ठेवायला लागलो, नाहीतर तो फॅन नुसता घरघरतो. आत येणारी हवा नसेल तर बाहेर काय टाकणार? पुन्हा मोजलं तेव्हा कोरडा ३४ आणि ओला साडेअठ्ठावीस. दोन अंश म्हणजे काहीच नाही असं मला पूर्वी वाटलं असतं. सुनेने दुसऱ्या दिवसापासून पोळ्या सकाळी सातच्या आत उरकायला सुरुवात केली, आणि तापमापकांची जोडी गॅलरीतून काढून स्वयंपाकघराच्या दाराशी टांगली. दोघांतला फरक पाचच्या खाली आला की घरात फक्त कुकर लागतो. पोळ्या त्या दिवशी कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून येतात, आणि तिथल्या बाईंच्या शेगडीवर एक्झॉस्ट आहे का, ते आम्ही दोघी जाऊन विचारून आलो आहोत.